अमेरिकन नागरिकाशी विवाह आणि वकिलाविना ग्रीन कार्डचा अर्ज: बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी घरांत अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न जुळणे आता नवलाचे राहिलेले नाही. लग्न पार पडते, सुट्टी संपली की नागरिक जोडीदार परत जातो, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला कागदपत्रांची भलीमोठी यादी हातात घेऊन कोठून सुरुवात करावी हे कळत नाही. पुढील उत्तरे अशाच जोडप्यांसाठी आहेत, ज्यांतील एक जण अमेरिकेचा नागरिक असून तेथे राहतो आणि दुसरा बडोद्यात आहे.

वकील न नेमता हा अर्ज खरोखर करता येतो का?

होय. वकील नेमण्याची कायद्याने कोणतीही सक्ती नाही, सर्व अर्ज सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात आणि प्रत्येक अर्जासोबत सविस्तर सूचना असतात. दोघांचेही हे पहिले लग्न असेल किंवा आधीच्या लग्नाचा न्यायालयीन घटस्फोट झालेला असेल, नागरिक जोडीदाराचे उत्पन्न पुरेसे असेल, आणि बडोद्यातील जोडीदारावर पोलीस प्रकरण किंवा अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद नसेल, तर हे काम मुख्यतः कागद जुळवण्याचे आहे. ते शांतपणे बसून वाचणाऱ्या दोन माणसांच्या आवाक्यातले आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र दोघांनीही प्रत्येक अर्ज स्वतः वाचला पाहिजे. एकाने भरायचा आणि दुसऱ्याने न वाचता सही करायची, ही पद्धत येथे चालत नाही.

मग वकील कोणत्या परिस्थितीत घ्यावाच?

पूर्वी अमेरिकेत व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे झाले असेल, तेथून हद्दपारीचा आदेश निघाला असेल, कोणत्याही देशात अटक झाली असेल किंवा गुन्हा नोंदला गेला असेल (नंतर तो मिटला असला तरीही), पूर्वीच्या एखाद्या व्हिसा अर्जात खोटी माहिती दिली गेली असेल, किंवा पूर्वी दुसऱ्या कोणी केलेली विवाहाधारित याचिका फेटाळली गेली असेल, तर स्वतःच्या भरवशावर पुढे जाऊ नये. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा अधिक काळ राहून परतलेल्या व्यक्तीस तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा अधिक राहिलेल्या व्यक्तीस दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. तिच्यातून सूट मागण्याचे काम अनुभवी माणसाचेच आहे. पहिले लग्न समाजाच्या बैठकीत फारकत लिहून मोडलेले असेल, तर आधी येथील कौटुंबिक न्यायालयाचा मार्ग पाहावा, कारण पहिला विवाह कायदेशीररीत्या संपला नसेल तर दुसऱ्याच्या आधारे केलेली याचिका टिकत नाही.

प्रक्रियेचे टप्पे कोणते आणि खर्च किती येतो?

नागरिक जोडीदार अमेरिकेच्या यूएससीआयएस या स्थलांतराचे अर्ज पाहणाऱ्या खात्याकडे आय-१३० ही याचिका दाखल करतो आणि तिच्यासोबत परदेशातील जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए अर्ज जोडतो. याचिका मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर या, व्हिसाचे कागद तपासणाऱ्या सरकारी केंद्राकडे जाते. तेथे शुल्क भरणे, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, आय-८६४ हे आर्थिक जबाबदारीचे प्रतिज्ञापत्र आणि जन्म, विवाह यांसारखे नागरी दाखले ऑनलाइन चढवणे ही कामे होतात. सर्व कागद मान्य झाले की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील मुलाखतीची तारीख मिळते.

१ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार याचिकेचे शुल्क ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर आहे. त्यानंतर व्हिसा अर्जाचे ३२५, प्रतिज्ञापत्राच्या तपासणीचे १२० आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्ड छापण्यासाठीचे २३५ डॉलर, असे ऑनलाइन अर्जाचे एकूण १,३०५ डॉलर होतात. वैद्यकीय तपासणी, भाषांतरे आणि मुंबईचा प्रवास वेगळा. दर बदलत असल्याने भरण्याच्या दिवशी सरकारी पान पाहावेच. व्हिसा सेंटरचे शुल्क अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच भरता येते, त्यामुळे ते काम नागरिक जोडीदाराकडे राहते.

जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर?

तर प्रकरण वेगळ्या, वार्षिक मर्यादा असलेल्या वर्गात जाते आणि रांगेत थांबावे लागते. नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला अशी संख्येची मर्यादा नाही, तरीही याचिकेची तपासणी आणि पुढचे टप्पे मिळून साधारणपणे एक वर्षाहून अधिक काळ जातो, हे लग्न ठरवतानाच दोन्ही घरांनी गृहीत धरावे.

लग्नाची पत्रिका आणि पुरोहितांचे पत्र पुरेसे आहे का?

नाही. सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते. हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंदणी करताना अर्जातील तारीख, स्थळ आणि नावे पत्रिकेशी व पासपोर्टशी ताडून पाहावीत. नागरिक जोडीदार परत जाण्यापूर्वी नोंदणी उरकावी, कारण दोघांच्या सह्या आणि साक्षीदार त्या आठवड्यात सहज मिळतात. नंतर त्याच कामासाठी विमानाचे तिकीट काढावे लागते.

दोघांचे धर्म वेगळे असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न होते. त्यासाठी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवसांचे वास्तव्य आणि त्यानंतर ३० दिवसांची नोटीस लागते. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्या जोडीदाराने हे गणित आधी मांडावे. एक जण बडोद्यात आणि दुसरा न्यू जर्सीत बसून व्हिडिओवर लावलेले लग्न, त्यानंतर दोघे पती-पत्नी म्हणून प्रत्यक्ष एकत्र आलेले नसतील, तर या अर्जासाठी विवाह म्हणून धरले जात नाही.

माझ्या जन्मदाखल्यावर नावच नाही. काय करावे?

बडोद्यातील जुन्या दाखल्यांत हे फार वेळा आढळते. बाळाचा जन्म सयाजी रुग्णालयात किंवा प्रसूतिगृहात होई, नोंद लगेच जाई आणि बारशाला अवकाश असल्याने नावाची जागा कोरी राही. पुढे शाळेत, पासपोर्टवर सगळीकडे नाव आले, पण मूळ नोंदीत ते कोणी घातलेच नाही. पहिला प्रयत्न महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज करून नाव नोंदवून घेण्याचा करावा. तसे होणे शक्य नसेल, तर विभागाकडून तसे लेखी घ्यावे, शाळा सोडल्याचा दाखला जोडावा आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या आई, मावशी, काका यांसारख्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे करावीत. त्या प्रतिज्ञापत्रांत जन्माची तारीख, ठिकाण, आईवडिलांची पूर्ण नावे आणि ही माहिती त्यांना कशी ठाऊक आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘मी हिला लहानपणापासून ओळखते’ एवढेच वाक्य कामाचे नाही.

कागदोपत्री नावे एकमेकांशी जुळत नाहीत. याने अर्ज फेटाळला जातो का?

केवळ यामुळे फेटाळला जात नाही, पण अडकतो, आणि गुजरातमध्ये वाढलेल्या मराठी माणसाच्या बाबतीत अडकण्याची कारणे ठरावीक असतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘राव’ आणि दुसऱ्यावर ‘भाई’ लागलेले असते, आईच्या नावाला कोठे ‘बाई’, कोठे ‘बेन’. एकाच घरात गायकवाड हे आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेले सापडते. पासपोर्टवर जन्मस्थळ बडोदा असते आणि दाखल्यावर वडोदरा, कारण शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये बदलले तरी दोन्ही रूपे वापरात राहिली.

हे सर्व घरातल्यांना इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात विसंगती आहे हेच लक्षात येत नाही. मुंबईच्या खिडकीमागचा अधिकारी मात्र माधव, माधवराव आणि माधवभाई ही तीन माणसे आहेत की एक, हे कागदावरूनच ठरवणार. म्हणून अर्ज सुरू करण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्व कागद टेबलावर पसरावेत आणि एका कोऱ्या पानावर प्रत्येक कागदावरचे नाव, अक्षरासाठी अक्षर, उतरवून काढावे. स्वतःचे नाव, जन्मतारीख किंवा आईवडिलांचे मूळ नाव यांत खरा फरक असेल तर मूळ दाखल्यातच दुरुस्ती करून घ्यावी, मग त्याला दोन महिने लागले तरी चालतील. फरक फक्त ‘भाई’, ‘बेन’, क्रम किंवा स्पेलिंगचा असेल, तर ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे आणि अर्जात ‘वापरलेली अन्य नावे’ विचारली आहेत तेथे ती सर्व रूपे प्रामाणिकपणे लिहावीत. त्या रकान्यात काही लिहिले तर संशय येईल, ही भीती निराधार आहे. न लिहिल्याने प्रश्न उभे राहतात.

लग्नात माझे नाव बदलले. पासपोर्टही बदलावा का?

तशी अट नाही. लग्नविधीत तांदळाच्या ताटात सासरचे नवे नाव लिहिले गेले, तरी राजपत्र किंवा पासपोर्ट यांत बदल होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुमचे नाव पूर्वीचेच असते. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळतो, आणि माझा सल्ला असा की प्रकरण चालू असताना नाव बदलूच नये. बदलायचेच असेल तर याचिका दाखल होण्यापूर्वी बदलावे आणि मग सर्वत्र तेच वापरावे.

गुजराती आणि मराठी कागदांचे भाषांतर कोणी करावे?

दोन्ही भाषा नीट जाणणाऱ्या कोणालाही करता येते. संपूर्ण मजकुराचे, शिक्क्यांसह, इंग्रजी भाषांतर हवे आणि खाली भाषांतरकाराने ते पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे लिहून सही, नाव, पत्ता व तारीख द्यावी. नोटरीच्या महागड्या शिक्क्याने चुकीचे भाषांतर बरोबर होत नाही. नावांचे इंग्रजी स्पेलिंग भाषांतरकाराला पासपोर्टवरून द्यावे.

पोलीस दाखला पोलीस ठाण्यातून घ्यावा का?

नाही, तो पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत पासपोर्ट कार्यालयाचाच लागतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात बारा महिने किंवा अधिक राहिला असाल, उदाहरणार्थ नोकरीनिमित्त दुबईत, तर त्या देशाचाही दाखला लागतो. तो मिळवायला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी हाती घ्यावे.

आमचे लग्न घरच्यांनी ठरवले आणि दोन भेटींत झाले. ते खरे आहे हे कसे दाखवावे?

ठरवून झालेली लग्ने मुंबईच्या अधिकाऱ्यांना नवीन नाहीत आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. लग्न कसे जुळले हे सरळ सांगावे: कोणाच्या ओळखीने स्थळ आले, पहिले बोलणे केव्हा झाले, साखरपुडा कोठे झाला, दोन्हीकडचे कोण उपस्थित होते. पुराव्यासाठी आठशे फोटोंचा अल्बम नको. साखरपुडा, मुहूर्ताच्या वेळचा अंतरपाट, सप्तपदी, दोन्ही घरांचे एकत्र फोटो आणि नंतरचा दोघांचा प्रवास असे वीस-पंचवीस फोटो निवडावेत आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण व माणसांची नावे लिहावीत. त्यांच्याबरोबर पत्रिका, सभागृहाची पावती, विमानाची तिकिटे, पासपोर्टवरील शिक्के, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, विमा किंवा बँक खात्यातील वारस म्हणून नाव, आणि महिन्या-महिन्यातील फोन व संदेशांचे थोडे नमुने जोडावेत. लग्नानंतरच्या काळातील पुरावा सर्वांत मोलाचा असतो. वर्षभर थांबावे लागणार असल्याने तो मुलाखतीपर्यंत जमवत राहावा, आणि शक्य असल्यास नागरिक जोडीदाराने मधल्या काळात एकदा तरी येऊन जावे.

आर्थिक प्रतिज्ञापत्रासाठी किती उत्पन्न लागते?

कुटुंबाच्या आकारानुसार अमेरिकन सरकार दारिद्र्यरेषा जाहीर करते. तिच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे फक्त पती-पत्नी अशा दोघांच्या कुटुंबासाठी हा आकडा बहुतेक राज्यांत २६,४३७ डॉलर होता. उत्पन्न कमी पडल्यास अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, मग तो दीर असो की कौटुंबिक मित्र, सहहमीदार होऊ शकतो. बडोद्यातील वडील होऊ शकत नाहीत. मालमत्ता दाखवायची असेल तर नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट असावी लागते.

हे प्रतिज्ञापत्र शिष्टाचाराचा कागद नव्हे. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या कामाची सुमारे दहा वर्षे मोजली जाईपर्यंत, किंवा तो अमेरिका कायमची सोडेपर्यंत किंवा मृत्यू पावेपर्यंत ती राहते. सहहमीसाठी कोणाकडे शब्द टाकण्यापूर्वी त्याला हे स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे.

तोवर पर्यटक व्हिसावर जाऊन राहता येईल का?

अर्ज करण्यास बंदी नाही, पण याचिका प्रलंबित असताना स्थायिक होण्याचा हेतू उघड असतो, म्हणून नकाराची शक्यता मोठी असते. पर्यटक व्हिसाच्या अर्जात तुमच्यासाठी कोणी याचिका केली आहे का, हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरे द्यावे. फिरायला जातो असे सांगून तेथे पोचल्यावर कायम राहण्याचा अर्ज करण्याचा बेत आखणे म्हणजे अधिकाऱ्याची फसवणूक ठरू शकते आणि तिची बंदी आयुष्यभराची असू शकते.

एजंटकडे अर्ज भरायला दिला तर काय बिघडते?

टंकलेखन किंवा स्कॅनिंगसाठी मदत घेण्यात काही गैर नाही. मात्र डीएस-२६० मध्ये सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते, तसेच पूर्वीच्या नोकऱ्या आणि गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यमांची खाती विचारली जातात. ही माहिती एजंटाने अंदाजाने भरली तरी शेवटी ‘सर्व खरे आहे’ असे तुम्हीच सांगत असता. ‘हे लिहू नका, उगाच अडचण होईल’ असा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे. अमेरिकन कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार तेथील परवानाधारक वकिलाला किंवा तेथील न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मुंबईच्या प्रकरणाचा बीएमबी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आणि त्यासोबतचा बीजक क्रमांक बडोद्यातील जोडीदाराच्या स्वतःच्या वहीत लिहिलेला असावा. हे दोन क्रमांक असले की प्रकरण पाहता येते. बऱ्याच घरांत ते फक्त जावयाकडे किंवा एजंटाकडे असतात आणि मुलीला आपल्याच अर्जात काय लिहिले आहे हे मुलाखतीच्या खिडकीपाशी प्रथम कळते. असे होऊ देऊ नये. मंजुरीनंतर वर्षभर व्हिसा सेंटरशी काहीच संपर्क झाला नाही तर प्रकरण बंद होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीची तयारी कशी करावी?

तपासणी वकिलातीने मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच होते. घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. लहानपणीच्या लसीकरणाची नोंद असेल तर न्यावी, नसेल तर वयानुसार गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात, कांजिण्या आदी लसी पुन्हा घ्याव्या लागतात. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर उपचारांचे जुने कागद शोधून ठेवावेत. छातीच्या क्ष-किरणात डाग दिसल्यास थुंकीची कल्चर तपासणी होते आणि तिचा निकाल यायलाच आठ आठवडे लागतात.

वकिलात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पहाटेची गाडी पकडून त्याच दिवशी मुलाखत देण्याचे धाडस करू नये, आदल्या दिवशी पोचावे. मोबाइल आणि मोठी पिशवी आत नेता येत नाही. चढवलेल्या प्रत्येक दाखल्याची मूळ प्रत सोबत हवी. मुलाखत खिडकीशी उभ्याने होते आणि बहुधा लहान असते. जोडीदार काय काम करतो, कोठे राहतो, त्याच्या घरी कोण आहे, तुमचे लग्न कसे जुळले असे प्रश्न असतात. पाठ केलेली उत्तरे नकोत. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही असे सांगावे.

मुलाखतीत २२१(जी) लिहिलेला कागद दिला. म्हणजे व्हिसा नाकारला का?

त्या दिवसापुरता दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा त्यावर हवा असलेला कागद लिहिलेला असतो. नेमका तोच, सांगितलेल्या मार्गाने पाठवावा.

जोडीदाराला आधीच्या लग्नाचे मूल आहे. त्याचा अर्ज यातच होतो का?

नाही. नागरिकाच्या याचिकेत मुलांचा आपोआप समावेश होत नाही. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आय-१३० लागतो, आणि सावत्र नाते मान्य होण्यासाठी लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी झालेले असावे लागते.

ग्रीन कार्ड दोन वर्षांचेच मिळाले. नंतर काय? आणि संसारात त्रास झाला तर?

अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर कार्ड सशर्त, दोन वर्षांचे असते. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करावा लागतो. तो चुकला तर वास्तव्याचा हक्क जाऊ शकतो, म्हणून ती तारीख येथील आईवडिलांनीही लिहून ठेवावी. लग्नाला दोन वर्षे उलटल्यावर प्रवेश केल्यास कार्ड दहा वर्षांचे मिळते.

जोडीदार मारहाण किंवा छळ करत असेल, किंवा लग्न खरे असूनही मोडले असेल, तर एकत्र सहीची अट माफ करण्याची मागणी त्याच आय-७५१ मध्ये एकट्याने करता येते, आणि त्यासाठी ९० दिवसांच्या त्या काळाची वाट पाहावी लागत नाही. ‘तुझे कार्ड माझ्या हातात आहे, बोललीस तर परत पाठवीन’ ही धमकी खोटी आहे. कार्ड रद्द करण्याचा अधिकार पतीला किंवा सासूसासऱ्यांना नाही. तातडीच्या प्रसंगी ९११ हा क्रमांक फिरवावा, आणि अशा स्थितीत मात्र वकील जरूर घ्यावा. तेथे छळ झालेल्या स्त्री-पुरुषांना विनामूल्य कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था आहेत. बडोद्याहून निघण्यापूर्वी पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, आय-८६४ ची प्रत आणि सर्व अर्जांच्या प्रती यांचा एक संच स्वतःच्या ईमेलवर आणि एक माहेरी ठेवावा.